नव्या रबराचा वास जातो कुठे?

सायकलच्या दुकानात नवे टायर टांगलेले असतात. त्यांच्याखालून जाताना एक उग्र, किंचित जळकट वास येतो. तो तुम्हां सर्वांच्या ओळखीचा असेल. दुकानात तो दोन मिनिटे सोसायचा असतो, म्हणून त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण तोच वास घरातल्या झोपायच्या खोलीत मुक्कामाला आला तर?

आमच्या घरी तसेच झाले. गोष्ट २०२१ सालच्या जून महिन्यातली, सांगलीची. कोरोनाच्या साथीमुळे व्यायामशाळा कधी बंद, तर कधी अर्धवट उघड्या. माझा पुतण्या तेव्हा अकरावीत होता. त्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून रबराचे आवरण असलेल्या डंबेल्सची एक जोडी घेतली आणि वजन ठेवताना फरशी फुटू नये म्हणून जमिनीवर अंथरायच्या चार रबरी मॅट घेतल्या. प्रत्येक मॅट ६० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि १ सेंटिमीटर जाड. संध्याकाळी खोके फोडले आणि रात्रीपर्यंत घराचे टायरचे दुकान झाले. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. ती रात्रभर खोकत बसली. सकाळी माझ्या भावाने निकाल दिला, "पंधरा दिवसांत वास गेला नाही, तर हे सगळं भंगारवाल्याकडे जाईल."

पुतण्याने पहिल्या दिवशी उदबत्त्या लावल्या. दुसऱ्या दिवशी अत्तर शिंपडले. त्यामुळे वास गेला नाही, त्यात मोगऱ्याची भर मात्र पडली आणि उदबत्तीच्या धुराने आजीचा खोकला वाढला. मग तो माझ्याकडे आला. "काका, तुम्ही इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत. आता सांगा काय करायचं ते." मी विचार न करता सांगितले, "खाण्याचा सोडा भुरभुरव, रात्रभर ठेव, सकाळी झटकून टाक." त्याने तसे केले. वास होता तसाच राहिला. शिवाय मॅटच्या खडबडीत पृष्ठभागात बसलेला सोडा घासून काढायचे काम वाढले. माझा सल्ला का फसला, हे नीट समजून घ्यायचे असेल तर आधी तो वास कशाचा होता ते पाहिले पाहिजे.

रबराच्या झाडाचा चीक गोठवला की कच्चे रबर मिळते. त्याचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या. शिजवलेल्या शेवयांच्या गोळ्याप्रमाणे त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण एकमेकींना बांधलेल्या नसतात. त्यामुळे उन्हाळ्यात कच्चे रबर चिकट होते आणि थंडीत कडक. अमेरिकेतील रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीने अशाच रबराच्या वस्तू विकल्या होत्या. उन्हाळ्यात त्या वितळून त्यांचा दुर्गंधी लगदा झाला आणि गिऱ्हाइकांनी माल परत आणून टाकला. १८३४ साली ही हकिगत चार्ल्स गुडइअर या धडपड्या माणसाच्या कानावर गेली आणि त्याने रबर सुधारण्याचा ध्यासच घेतला. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापवल्यावर ते वितळत नाही, उलट चिवट व लवचीक होते, असे त्याला आढळले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यानेही याच क्रियेचे पेटंट घेतले. रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून, म्हणजे व्हल्कनवरून, तिला व्हल्कनीकरण हे नाव पडले. (गुडइअर १८६० साली कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याच्या नावाची टायरची कंपनी पुढे १८९८ साली निघाली. तिचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.)

व्हल्कनीकरणात गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. मऊ रबरासाठी रबराच्या शंभर भागांना गंधकाचे दोन-तीन भाग पुरतात. पण नुसत्या गंधकाने ही क्रिया फार सावकाश होते. १९०६ साली जॉर्ज ओन्सलागर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने अ‍ॅनिलीनसारखी सेंद्रिय द्रव्ये मिसळली तर तिचा वेग पुष्कळ वाढतो असे दाखवून दिले. अशा द्रव्यांना त्वरक म्हणतात. आज वापरात असलेल्या अनेक त्वरकांच्या रेणूत बेंझोथायाझोल नावाचा गट असतो. रबर तापवताना त्वरकाचे तुकडे होतात, आपले काम करतात, आणि उरलेसुरले तुकडे रबरातच अडकून बसतात. नव्या टायरच्या त्या ओळखीच्या वासात बेंझोथायाझोलचा मोठा वाटा आहे. काही त्वरकांतून सायक्लोहेक्झिलअमाइन हे द्रव्यही सुटते. त्याचा वास बराचसा शिळ्या मासळीसारखा असतो. याशिवाय रबर मऊ करण्यासाठी घातलेली तेले असतात, साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून लावलेले साबणासारखे किंवा सिलिकोनचे लेप असतात. रबराला काळा रंग देणारी काजळी मात्र या बाबतीत निर्दोष आहे. तिला वास नाही.

व्यायामाच्या पुष्कळशा मॅट जुन्या टायरच्या भुग्यापासून बनवतात. भुगा पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्यात कालवून दाबतात. जुन्या टायरचा असा उपयोग होतो हे चांगलेच आहे, पण टायर भुगा होतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि इतकी वर्षे आत कोंडलेल्या वासाला नव्या वाटा मिळतात. आमच्या मॅट याच जातीच्या निघाल्या.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, बेंझोथायाझोल तर सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते. आपल्या खोलीचे तापमान ३० अंश. मग त्याची वाफ होते कशी? याचे उत्तर आईच्या कपाटात आहे. डांबराच्या गोळ्यांतले नॅफ्थॅलीन २१८ अंशांना उकळते, तरीही साड्यांच्या घडीत ठेवलेली गोळी काही महिन्यांत झिजून नाहीशी होते, आणि कपाट उघडताच तिचा वास येतो. उत्कलनबिंदूच्या खालीही पदार्थाचे थोडे थोडे रेणू सतत निसटत असतात. दोरीवरचे धोतर वाळते तेही असेच. तापमान वाढले की निसटणारे रेणू वाढतात. या जातीच्या द्रव्यांच्या बाबतीत ३० अंशांवरून ४० अंशांवर गेलो तर बाष्पदाब साधारणपणे दुप्पट होतो. दुपारी वास का चढतो आणि पहाटे का उतरतो, हे यावरून कळेल.

आता नाकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणात नाक हेच आपले उपकरण. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात अशा ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार आहेत. गंधकाच्या काही संयुगांच्या बाबतीत तर नाक थक्क करणारे काम करते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथिल मरकॅप्टन मिसळतात, आणि हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी आपल्याला त्याचा पत्ता लागतो.

पण या उपकरणात एक खोट आहे. तोच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. तिसऱ्या दिवशी पुतण्याने जाहीर केले, "काका, वास गेला!" तो रात्रंदिवस त्याच खोलीत होता. बाहेरच्या खोलीत झोपणाऱ्या आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, तुझ्या नाकातून गेला असेल, खोलीतून नाही." शास्त्रीय भाषेत याहून नेमके सांगता आले नसते. म्हणून वास गेला की नाही हे ठरवायचे असेल तर अर्धा-पाऊण तास बाहेर मोकळ्या हवेत फिरून यावे आणि मग खोलीत पहिला श्वास घ्यावा, किंवा बाहेरून आलेल्या माणसाला विचारावे.

हा वास अपायकारक आहे का, असा प्रश्न आजीसाठी महत्त्वाचा होता. वास आणि विष यांचे नाते सरळ नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. उलट नको वाटणारे पुष्कळ वास अल्प प्रमाणात निरुपद्रवी असतात. मात्र दम्याच्या माणसाला कोणताही उग्र वास त्रास देऊ शकतो, डोके दुखू शकते, आणि त्याला "सवय होईल" म्हणून बसवून ठेवणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट अशी की टायरच्या तेलांत काही बहुचक्रीय हायड्रोकार्बने असतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत, आणि त्यांचे रेणू जड असल्याने ती वास येण्याइतकी उडतही नाहीत. युरोपीय संघात २०१५ सालच्या डिसेंबरपासून त्वचेला लागणाऱ्या रबर-प्लॅस्टिकच्या वस्तूंत अशा आठ द्रव्यांपैकी प्रत्येकाला किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रंगीबेरंगी, फेसासारख्या हलक्या मॅटची गोष्ट वेगळी. त्यांत फेस आणणाऱ्या रसायनांतून फॉर्मामाइड उरते, आणि त्यावरून बेल्जियमने २०१० सालच्या अखेरीस लहान मुलांच्या कोडे-मॅटच्या विक्रीवर बंदी घातली होती. तेव्हा वास गेला म्हणजे सारेच गेले असे मानू नये. रबरी मॅटवर उघड्या अंगाने लोळू नये, वर सतरंजी टाकावी आणि व्यायामानंतर हात धुवावेत.

आजीला आम्ही त्या रात्रीपासून पुढच्या खोलीत झोपवले आणि मॅट गॅलरीत नेल्या. आता खरा प्रश्न होता, त्या तेथे कशा ठेवायच्या?

पुतण्याने चारही मॅट एकावर एक रचून ठेवल्या होत्या. जागा कमी लागते ना! येथेच सगळी मेख आहे. पृष्ठभागावरचे वासाचे रेणू एक-दोन दिवसांत उडून जातात. आतल्या रेणूंना मात्र रबराच्या साखळ्यांतून वाट काढत पृष्ठभागापर्यंत यावे लागते. या क्रियेला विसरण म्हणतात. तिचे नियम अ‍ॅडॉल्फ फिक याने १८५५ साली मांडले. जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसाची कल्पना करा. त्याला कोणीही कसेही ढकलते, एक पाऊल पुढे, एक मागे, एक बाजूला. असा माणूस सुरुवातीच्या जागेपासून दहा पावलांवर पोचायला दहा पावले पुरत नाहीत, साधारण शंभर पावले लागतात. वीस पावलांवर जायला चारशे. म्हणजे अंतर दुप्पट, तर वेळ चौपट.

हाच हिशेब मॅटला लावा. समजा, ५ मिलिमीटर जाडीच्या, एकाच बाजूने उघड्या मॅटचा वास ठरावीक पातळीवर उतरायला १० दिवस लागले. मग १० मिलिमीटर जाडीच्या मॅटला २० नव्हे, ४० दिवस लागतील. पण तीच जाड मॅट दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तर कोणत्याही रेणूला पृष्ठभाग गाठण्यासाठी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर तोडावे लागणार नाही, आणि काम पुन्हा १० दिवसांवर येईल! जमिनीवर अंथरलेली मॅट एका बाजूने बंद असते. एकावर एक रचलेल्या चार मॅट म्हणजे तर ४ सेंटिमीटर जाडीचा एकच ठोकळा. मी हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा पुतण्या काही न बोलता उठला. प्रत्येक मॅट सुमारे ४ किलो वजनाची, म्हणून दोरीवर टाकता येईना. त्याने गॅलरीत दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि त्यांवर चारही मॅट उभ्या केल्या, मधे वीतभर मोकळी जागा सोडून, वाळत घातलेल्या ताटांसारख्या.

त्याआधी त्या भांडी घासायच्या द्रवाने आणि कोमट पाण्याने धुऊन घेतल्या. याने साच्याचा लेप, सैल भुगा आणि पृष्ठभागावरची तेले निघाली. पाणी काळे आले. वासात थोडा फरक तेथेच पडला. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरण्याचा मोह कोणाला झाला तर त्याने तो आवरावा. या द्रवांत रबर फुगते, चिकट होते, आणि एक वास जाऊन दुसरा येतो. शिवाय आगीचा धोका आहेच.

"मग गच्चीवर कडक उन्हातच टाकू का?" पुतण्याने विचारले. जूनमध्ये ऊन मिळते कोठे, हा भाग सोडा. उन्हाने बाष्पन वाढते हे खरे. पण सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतला ओझोन रबराच्या साखळ्यांतले दुहेरी बंध तोडतात. सायकलचे टायर उन्हात तडकतात ते यामुळेच. उबदार, वारा खेळणारी सावली ही सर्वांत चांगली. वास घालवण्यासाठी बाजारात ओझोन सोडणारी यंत्रे मिळतात. ती रबराला वाईट आणि फुप्फुसालाही वाईट. दम्याच्या माणसाच्या घरात तर ती आणूच नयेत.

आता माझ्या फसलेल्या सोड्याकडे वळू. खाण्याचा सोडा सौम्य आम्लारी आहे. आंबट वास, म्हणजे आम्लांचे वास, तो पकडतो. घामट बुटांत त्याचा उपयोग होतो, कारण तेथे मेदाम्ले असतात. बेंझोथायाझोल आम्ल नाही, त्यामुळे सोड्याचे त्याच्यापुढे काही चालत नाही. सायक्लोहेक्झिलअमाइन तर स्वतःच आम्लारी आहे. त्याला आम्ल हवे. कोकणात मासळीला कोकम, चिंच किंवा लिंबू लावतात, त्यामागे चवीबरोबर हेही कारण आहे. मासळीचा वास अमाइनांचा असतो. आम्लाशी संयोग झाला की त्यांचे क्षार बनतात आणि क्षार उडत नाहीत. म्हणून पाणी घातलेल्या व्हिनेगरने मॅट पुसली तर वासातला मासळीसारखा भाग कमी होतो. व्हिनेगरचा स्वतःचा वास थोड्या वेळात उडून जातो. काही लोक सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओततात. फसफसते छान, पण ती दोघे एकमेकांनाच संपवतात.

यावर आमच्यात वाद झाला, म्हणून पुतण्याने प्रयोग केला. तो तुम्हांलाही शाळेत करता येईल. मॅटच्या कडेची एक जादा पट्टी होती. तिचे सारखे पाच तुकडे कापून झाकणाच्या पाच बरण्यांत टाकले. एका बरणीत दुसरे काही नाही. बाकीच्यांत एकेका वाटीतून खाण्याचा सोडा, व्हिनेगर, कॉफीची पूड आणि मत्स्यपेटीच्या दुकानातून आणलेला सक्रिय कोळसा. बरण्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नुसते आकडे घातले. दोन दिवसांनी वाट्या काढून घेतल्या, झाकणे तासभर पुन्हा लावली, आणि घरातल्या तिघांना वास घ्यायला सांगितले. कोणत्या बरणीत काय होते हे त्यांना माहीत नव्हते. आजीने स्वतःहून भाग घेतला, एकेका बरणीचा अगदी थोडा वास घेतला. तिघांनीही कोळशाच्या बरणीला सर्वांत कमी गुण दिले. सोड्याची बरणी आणि रिकामी बरणी यांत कोणालाच फरक करता आला नाही. व्हिनेगरच्या बरणीचा वास "कमी नाही, पण वेगळा" असे आजीचे मत पडले. कॉफीच्या बरणीत टायर आणि कॉफी दोन्ही होते. तीन नाके म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे. तुमच्या वर्गातली चाळीस नाके असतील तर निकालाला वजन येईल. रबर मिळाले नाही तर पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणा. ज्यांना दमा आहे त्यांनी मात्र फक्त गुणांची नोंद ठेवावी. आमच्या आजीने ऐकले नाही, पण तो आदर्श नव्हे.

कोळसा का जिंकला? सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत सूक्ष्म छिद्रांचा मिळून सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्यावर निरनिराळ्या जातींचे रेणू चिकटून बसतात, आम्ल असो की आम्लारी. याला अधिशोषण म्हणतात. पण ही करामत बंद जागेतली. उघड्या खोलीत कोपऱ्यात कोळशाची वाटी ठेवली तर तिच्यापर्यंत पोचणारे रेणू थोडेच, आणि वारा तेच काम फुकट करतो. ट्रंकेत किंवा कपाटात ठेवायची वस्तू असेल तेथे कोळसा जरूर वापरावा.

जाता जाता डंबेलच्या लोखंडी दांड्याविषयी. तो धरल्यावर हाताला "लोखंडाचा वास" येतो असे आपण म्हणतो. लोखंड काही उडत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले की घामामुळे सुटलेले लोहाचे आयन त्वचेवरच्या मेदद्रव्यांचे विघटन करतात आणि त्यातून १-ऑक्टेन-३-ओन नावाचे, अळंबीसारख्या वासाचे द्रव्य बनते. तो वास लोखंडाचा नसून आपल्या हाताचा! त्याला गॅलरीत वाळवून उपयोग नाही, साबण पुरे.

पंधराव्या दिवशी भावाने गॅलरीतली एक मॅट उचलून नाकाजवळ धरली. वास होता, पण नाक टेकवले तरच. आजीला मंडईतून आल्या आल्या विचारले. ती म्हणाली, "आणा आत, पण खिडकी उघडी ठेवायची." मॅट आत आल्या. डंबेल्सना मात्र प्रवेश मिळाला नाही. त्यांच्या टोकांना रबराचा जवळजवळ सेंटिमीटरभर जाड थर होता आणि तो आतून लोखंडाला घट्ट चिकटवलेला, म्हणजे एकाच बाजूने उघडा. पुतण्याने वहीच्या मागच्या पानावर गणित केले, चारने गुणले, आणि सुस्कारा टाकला. दिवाळीपर्यंत तो गॅलरीत उभा राहूनच डंबेल्स उचलत होता.